एप्रिलचा चोथा, जुलैचे ससे

काजूच्या मोसमात गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्यात दोन वास असतात. एक भाटीवर, म्हणजे दारूच्या भट्टीवर उतरणाऱ्या हुर्राकाचा, काजूच्या पहिल्या धारेच्या दारूचा, जिच्यासाठी पणजीहून गाड्या भरून लोक येतात. दुसरा भाटीच्या मागचा. बोंडं तुडवून, पिंजऱ्यात दाबून निरो, म्हणजे रस, काढला की उरलेला चोथा तिथे ढिगाने टाकतात. दोन दिवसांत तो असा आंबतो की डोळ्यांत पाणी येतं, आणि माश्या तर विचारूच नका. काजूफेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. चोथ्याला कुत्रंही विचारत नाही.

मी विचारतो. एप्रिल लागला की सकाळी साडेसहाला घमेलं आणि चार पोती घेऊन मी बाप्पाच्या भाटीमागे हजर. बाप्पा म्हणजे माझे धाकटे चुलते. पहिल्या वर्षी त्यांना वाटलं, याने बहुतेक खड्डा भरायला काढलंय. सशांना घालणार म्हटल्यावर हातातली बिडी खाली ठेवून ते माझ्याकडे बघत राहिले.

ससे माझ्याकडे आले ते काही शहाणपणामुळे आले नाहीत. 2019 साली घाटावरच्या एका कंपनीची माणसं गोव्यात फिरत होती. दहा माद्या, तीन नर, पिंजरे, पाण्याच्या बाटल्या असं सगळं एकदम घ्या. पिल्लं आम्हीच परत विकत नेऊ. करारपत्र स्टॅम्पपेपरवर. मी पतसंस्थेत कारकून, म्हणजे दुसऱ्यांच्या करारातली खोट काढणं हा माझा रोजचा धंदा. तरी सही केली. पहिली खेप नेली, पैसे दिले. दुसऱ्या खेपेच्या वेळी फोन बंद. तिसऱ्या वेळी कळलं, ऑफिसच बंद. आमच्यासारखे घाटावर शेकड्यांनी होते म्हणे. ते कळून माझं काय हलकं होणार?

ससा करारपत्र वाचत नाही. एकतीस दिवसांनी विते ती विते. बघता बघता लहानमोठी साठ तोंडं झाली. मोठा ससा दिवसाला 120 ते 150 ग्रॅम सुका खुराक खातो, लहानांचं कमी. सरासरी धरली तर रोजचे सहा किलो. गोळीखाद्य तेव्हा मला 38 रुपये किलोने पडायचं. म्हणजे दिवसाला सव्वादोनशेच्या वर, महिन्याला सात हजाराच्या घरात, आणि विक्री शून्य. पहिले दोन महिने बायकोला अर्धाच आकडा सांगितला.

तेव्हा डोक्यात आलं, की आपण सत्तरीत राहतो. काजू आहे, कुळागर म्हणजे सुपारी-नारळाची बाग आहे, वायंगणाला, म्हणजे उन्हाळी भाताला, अंजुण्याच्या कालव्याचं पाणी आहे. एवढं सगळं फुकट पडलेलं असताना मी गोणीतल्या गोळ्या का विकत घेतोय?

'फुकट' या शब्दाने माझी अकरा पिल्लं खाल्ली.

झालं असं. 2020 चा एप्रिल. टाळेबंदी होती, गोळीखाद्याची गाडी येईना. भाटी मात्र थोडीफार चालू होती. मी संध्याकाळी चोथा आणला, सकाळचा काढलेला. वास गोडसर येत होता, हाताला कोमट लागत होता. कोमट लागला तिथेच थांबायला हवं होतं. ढीग आतून गरम झाला म्हणजे आंबणं जोरात चालू आहे. पण सशांनी उड्या मारून खाल्ला. त्यांना गोड फार आवडतं. मी खूश. आईला हाक मारून दाखवलं सुद्धा.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाच आठवड्यांची, नुकतीच आईपासून तोडलेली एकोणीस पिल्लं होती, त्यातली सहा-सात कोपऱ्यात पाठ कुबडी करून बसलेली. कान मागे. जवळ गेल्यावर बारीक करकर आवाज यायचा. पहिल्यांदा वाटलं, काहीतरी चावतायत. तोंडात काही नव्हतं. ससा पोटात दुखलं की दात खातो, ओरडत नाही. हातात घेतलं तर पोट तबल्यासारखं टण्ण. लेंड्यांच्या जागी शेंबडासारखा चिकट पदार्थ. गायीचं पोट फुगलं तर नळी घालतात, कुत्रा ओकून टाकतो. सशाला ओकताच येत नाही. जे आत गेलं ते मागच्या दाराने गेलं तरच. डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सांगितलं: सगळं काढून घ्या, फक्त सुकं गवत आणि पाणी ठेवा, पोट हलक्या हाताने चोळा. रात्रभर आम्ही दोघं एकेक पिल्लू मांडीवर घेऊन चोळत होतो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत अकरा गेली.

बाप्पा येऊन बघून गेले. "सशांक सोरो पाजयलो मरे तुवें!" (सशांना दारू पाजलीस की रे!) म्हणाले, आणि मग गप्प राहून खड्डा खणायला मदत केली.

त्यानंतर मी सशाचं पोट समजून घेतलं. हे आधी करायला हवं होतं, हे तुम्ही म्हणायच्या आत मीच म्हणतो. ससा गायीसारखा रवंथ करत नाही. त्याची सगळी भाटी पोटाच्या शेवटी, आंधळ्या आतड्यात. तिथले जंतू चाऱ्यातला तंतू आंबवतात, त्यातून मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या छोट्या घोसासारख्या लेंड्या तयार होतात, आणि त्या ससा थेट बुडाला तोंड लावून गिळतो. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आजारी पडला म्हणून वेगळा काढला होता. तो निरोगी होता. ती त्याची दुसरी पंगत. पहिल्या खेपेला जे प्रथिन, जी जीवनसत्त्वं हाती लागली नाहीत ती दुसऱ्या खेपेला मिळतात. हे सगळं चालतं ते भरड तंतूवर. तंतू कमी आणि साखर-पिष्ट जास्त गेलं की आतडं हलायचं थांबतं, भलतेच जंतू माजतात, वायू धरतो. नुकत्या तोडलेल्या पिल्लांत ही भाटी अजून नीट लागलेली नसते. त्यांना तर खाद्यातला कुठलाही बदल आठ-दहा दिवस घेऊन, चिमूट चिमूट करायचा.

म्हणजे चोथा वाईट नव्हता. माझी वेळ वाईट होती.

आता मी सकाळी पहिल्या तुडवणीचा चोथा उचलतो आणि दहाच्या आत तो घराच्या गच्चीवर पसरलेला असतो, बोटाच्या पेरापेक्षा पातळ थर. दर दोन तासांनी दाताळ्याने उलटायचा. दुपारी आई उलटते, शिव्या मला. संध्याकाळी ताडपत्री, कारण दव. दुसऱ्या दिवशी पुन्हा. चांगलं ऊन असेल तर अडीच-तीन दिवसांत वाळतो. ओळखायची खूण सोपी: मुठीत दाबला तर पापडासारखा मोडला पाहिजे. चामड्यासारखा वाकला, की अजून एक दिवस. शंभर किलो ओला चोथा वाळून पंचवीस-तीस किलो होतो, एवढं त्यात पाणी. वाळला की रंग गुळासारखा, वास सुक्या आमसुलाच्या जवळचा. वाळल्यावर तुरटपणा मात्र जात नाही. बोंड खाल्लं की घसा धरतो ना, तेच टॅनिन. ते प्रथिनाला चिकटून बसतं आणि पचू देत नाही. म्हणून शंभरात पंधराच्या वर मी जात नाही. कुणी तीसपर्यंत घालत असेलही, मला माझी अकरा आठवतात.

खरी गंमत, किंवा खरा वैताग, पुढे आहे.

सशाला घाम येत नाही. उष्णता काय ती कानांतून बाहेर टाकणार. पंधरा ते पंचवीस अंश त्याला बरं वाटतं. तिशीच्या वर पारा राहिला की नराचं बीज मरतं आणि हवा थंड झाल्यावर ताळ्यावर यायला दीड-दोन महिने जातात. केंद्र सरकारच्या मेंढी व लोकर संशोधन संस्थेचं सशांवर काम करणारं एक केंद्र कोडाईकनालजवळ मन्नवनूरला आहे, डोंगरावर, थंडीत. पुस्तकातला ससा मला नेहमी तिथला वाटतो. आमचा ससा एप्रिल-मेमध्ये तेहतीस-चौतीस अंश आणि वर दमट हवा अशा भट्टीत जीभ न काढता बसलेला असतो. मी पिंजरे कुळागरात सुपारीच्या सावलीला नेले, भोवती ओली गोणपाटं लावली, दुपारी फरशीचे थंड तुकडे आत ठेवतो. जगतात. पण मेमध्ये लावलेल्या माद्या बहुतेक रिकाम्याच राहतात.

म्हणजे बघा. एप्रिलमध्ये चोथ्याचे डोंगर, तेव्हा खाणारी तोंडं सगळ्यात कमी. पिल्लांची गर्दी सुरू होते ती पावसाने हवा गार केल्यावर, जुलै-ऑगस्टपासून थेट फेब्रुवारीपर्यंत. तेव्हा चोथा नाही, आणि सत्तरीच्या पावसात वाळवायला सूर्यही नाही. भात, नारळ, काजू, सगळ्यांचं पंचांग वेगळं आणि सशाचं वेगळं. स्वस्त खुराक म्हणजे काय घालावं हा प्रश्न दहा आणे सुटलेलाच असतो. उरलेले सहा आणे म्हणजे ते कधी मिळतं आणि कुठवर टिकतं, आणि माझी सहा वर्षं त्या सहा आण्यांत गेली.

टिकवायला मी निळी प्लास्टिकची पिंपं घेतली, दोनशे लिटरची, पत्र्याच्या कड्याने झाकण आवळतात ती. चुरलेला सुका चोथा एका पिंपात 35-40 किलो मावतो. अशी चार. पोत्यात ठेवून पाहिलं होतं पहिल्या साली. जूनच्या पंधरा दिवसांत पोतं पुन्हा मऊ, महिन्यात आतून करड्या बुरशीची जाळी. बुरशीला ससा फार नाजूक. गाय जे पचवेल त्याने ससा मरतो. खोबऱ्याच्या पेंडीचं असंच झालं एकदा: पोतं भिंतीला टेकून जमिनीवर, जुलै महिना. वरून काही दिसत नव्हतं, फोडल्यावर ढेकळाला खवट वास. मी वास घेऊनही "चालेल" म्हटलं. दोन गाभण माद्यांनी पिल्लं टाकली. तेव्हापासून पेंड लाकडी फळीवर, भिंतीपासून हातभर लांब, आणि पावसाळ्यात एका वेळी पंधरवड्याची. नाकाला शंका आली तर थेट खतात. पैशाकडे बघायचं नाही.

कोंड्याची गोष्ट वेगळी. भात सडल्यावर तेल असलेला कोंडा मोकळा होतो आणि त्यातलंच एक विकर (एन्झाइम) ते तेल नासवायला लागतं, आठवड्याभरात कडवट. पण आपण गोव्याचे, आपलं भात उकड्याचं. उकडताना वाफेने ते विकर मरतं, त्यामुळे उकड्याचा कोंडा सुरयच्या, म्हणजे न उकडलेल्या तांदळाच्या, कोंड्यापेक्षा जास्त दिवस तग धरतो. हे मला गिरणीवाल्या मामांनी सांगितलं, त्यांच्या भाषेत: "सुरयचो कोंडो आज व्हर, आज घाल. उकड्याचो फाल्यां घातलो तरी चलता." (सुरयचा आज ने, आजच घाल; उकड्याचा उद्या घातला तरी चालतो.) फक्त कोंडा घेताना तुसाची भेसळ बघायची. मूठभर कोंडा तांब्यात टाकून ढवळायचा, तूस वर तरंगतं. तरंगणारं निम्म्याहून जास्त दिसलं तर मी मामांकडे नुसतं बघतो. ते दुसरं पोतं काढतात.

आणि अळसांदे, म्हणजे चवळी! याबद्दल मी जरा वाहवत जातो, सांभाळून घ्या. पावसाळी भात कापलं की शेतातल्या ओलाव्यावर आमच्याकडे अळसांदे टाकतात. शेंगा काढून झाल्यावर वेल, पाला, टरफलं बांधावर पडून. गुरं खातात, उरलेलं जाळतात. फेब्रुवारीत मी शेजारच्या चार शेतांत सांगून ठेवतो, जाळू नका. कडधान्याचा पाला, म्हणजे तंतू भरपूर आणि प्रथिनही बरं. तो सुकायला त्रास नाही, साखर नाही, तुरट नाही. सुक्या टरफलांचा ढीग पिंजऱ्यात टाकला की साठ सशांचा एकदम कुरकुर आवाज सुरू होतो. पत्र्यावर पहिला पाऊस पडावा तसा. मी संध्याकाळी कामावरून आलो की चहा घेऊन तिथेच बसतो. दातांनाही ते बरं. सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात, चावायला भरड मिळालं नाही तर ओठात घुसतात.

माझं दहा किलोचं मिश्रण एरवी असं: उकड्याचा कोंडा साडेतीन किलो, अळसांद्याचा सुका पाला आणि टरफलं कुटून दोन, खोबऱ्याची पेंड दोन, चोथा दीड, शेंगदाण्याची पेंड 800 ग्रॅम, खनिज मिश्रण दीडशे आणि मीठ पन्नास ग्रॅम. हिशेबाने प्रथिन सोळा टक्क्यांच्या आसपास बसतं, गोळीखाद्याएवढंच. याशिवाय गवत, फणसाची पानं, रताळ्याचे वेल, जे मिळेल ते, पण सकाळचं कापलेलं दुपारपर्यंत सुकवून मग. कोबीचा पाला वाळपईच्या बाजारात फुकट मिळतो. मी घेत नाही. पोट फुगतं.

हे मिश्रण नुसतं भुकटी म्हणून ठेवलं तर ससे शिंकून शिंकून बेजार होतात. बारीक कोंडा नाकात जातो. अर्धं पायांनी उडवून वाया. गोळ्या करायचं यंत्र माझ्या आवाक्यातलं नव्हतं. मग एक दिवस घरात शिरवाळ्या होत्या, बायको तांदळाच्या उंड्याला लाकडी साच्यातून दाबत होती, आणि मी तो साचा असा काही बघितला, की तिने तिथल्या तिथे "अजिबात नाही" म्हटलं. तिने नवा घेतला. जुना माझ्याकडे आला. सकाळच्या पेजेचा घट्ट मांड मिश्रणात घालून मळायचं, साच्यातून जाड शेवया पाडायच्या, सुपांत उन्हाला. वाळल्या की मोडून बोटभर तुकडे. मांडाने इतकं घट्ट धरतं की भुकटी पडत नाही. पावसात हे जमत नाही. तेव्हा मुटके करून ताजे घालतो आणि तासाभरात न खाल्लेलं काढून घेतो.

पैशांचं विचाराल तर या मिश्रणाचा मला किलोला अठरा रुपये खर्च येतो. रोज तीन किलो लागतं, बाकी पोट हिरव्याने भरतं. विलेल्या माद्या आणि नुकती तोडलेली पिल्लं यांना मात्र मी अजूनही विकतची गोळी घालतो, महिन्याला वीसेक किलो. तिथे धाडस करायचं नाही हे ठरलंय. सगळं मिळून अडीच हजारांच्या आत. आधी सात हजार होते. मी ही वही मोठ्या अभिमानाने बायकोपुढे ठेवली. तिने पेन घेतलं, एप्रिलच्या पानावर माझे आणि आईचे वाळवणाचे तास मांडले, मजुराच्या हजेरीने गुणले आणि वही परत दिली. त्या महिन्यात मी तोट्यात होतो. मी ते पान फाडलेलं नाही.

विक्रीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. म्हापसा आणि मडगावची ठरलेली गिऱ्हाइकं आहेत, नाताळाला मागणी पुरी करता येत नाही. गावात कुणी खात नाही. उलट अधूनमधून कुणीतरी विचारतं, ससा ठेवायला बंदी आहे ना? बंदी रानातल्या सशाच्या शिकारीला आहे, हा पाळीव, परदेशी जातीचा. हे मी आता झोपेतही सांगू शकतो. लेंड्या बाप्पा नेतात. गरम पडत नाहीत, तशाच सुपारीच्या मुळाशी घातल्या तरी चालतं. चोथा द्यायचा, लेंड्या न्यायच्या, असा आमचा बिनकागदाचा करार. स्टॅम्पपेपरवाल्यापेक्षा हा बरा चाललाय.

2025 ने मात्र सगळं गणित विस्कटलं. मान्सून 24 मेला केरळात पोचला आणि आमच्याकडे तर त्याच्या आधीच कोसळायला लागलं होतं. शेवटचा चोथा गच्चीवर होता, दीड दिवस वाळलेला, चामडं अवस्थेतला. ताडपत्री घालेपर्यंत निम्मा भिजला. चुलीवरच्या माळ्यावर पसरून बघितलं, दोन दिवसांत घरभर भाटीचा वास आणि आईचा संताप. सगळा उचलून खताच्या खड्ड्यात टाकला. चारऐवजी पावणेतीन पिंपं भरली. त्यामुळे यंदा चोथा शंभरात दहावर आणला, कमी पडेल ते अळसांद्याच्या टरफलांनी भरून काढतोय, आणि ती तरी फेब्रुवारीपर्यंत पुरतील का, हे रोज पोतं उचलून वजनाने अजमावतोय.

आज संध्याकाळी करड्या मादीने पोटावरचे केस उपटायला सुरुवात केली. तिसावा दिवस. पेटीत भाताचा सुका पेंढा घातलाय, खायला म्हणून नाही, पण तोही ती थोडा खाणारच. मघाशी टॉर्च घेऊन जाऊन आलो तेव्हा पेंढ्यात खळगा करून त्यात केस भरत होती, आणि मला बघून तिने मागचा पाय जोरात आपटला. म्हणजे चालता हो.

आलो घरात.